मुक्ताबाईच्या पसंतीचे मासे

गोड्या पाण्यात मीठ कालवणारी बाई तेलगावानं तोवर पाहिली नव्हती. आणि पाहिली ती कुठं? राधाकिशन आबांच्या नव्याकोऱ्या बंगल्यात, आणि बाई कोण, तर साक्षात आबांची बायको! ज्या गावात नळाला पाणी आलं की माणसं पुढ्यातलं ताट सरकवून घागरी घेऊन पळतात, तिथं ही मुक्ताबाई आरओ प्लांटवरून जारावर जार मागवते, निळ्या पिंपात ओतते, त्यात पुण्याहून आलेलं मीठ टाकते आणि पदर खोचून ढवळत बसते. मग लोक बोलणार नाहीत तर काय करतील? पारावर बोलले, पिठाच्या गिरणीत बोलले, कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगेत बसल्या बसल्या बोलले. कुणी म्हणालं बाईला लागिर झालं, कुणी म्हणालं आबांचा पैसा उतू चाललाय.

धाकटी जाऊ केशरबाई तर खास बघायला आली. पिंपात बोट बुडवून तिनं जिभेला लावलं आणि थू करून थुंकली.

"अक्का, आगं खारंच पाणी पायजे तर आमच्या रानातल्या बोअरचं ने की! चहा टाकला की फाटतो बघ त्यानं. फुकटात समुद्र."

"तुज्या बोअरात नुसता खार हाय," मुक्ताबाई म्हणाली. "ह्यात मासे जगत्यात. आन् बोट घालू नको पुन्यांदा, हाताला तेल हाय तुज्या."

केशरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मुक्ताबाईनं तिकडं बघितलंही नाही, ढवळतच राहिली.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. बंगला बांधला आबांनी. दोन वेळा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला माणूस, चौकातल्या प्रत्येक फलकावर मिशीला पीळ देऊन उभा, खाली अक्षरं 'तेलगावचा ढाण्या वाघ'. तेव्हा बंगलाही तसाच. फरशी आबांच्या पसंतीची, रंग आबांच्या पसंतीचा, जिन्याचा कठडा, देवघराची दारं, न्हाणीघरातला तो पांढरा टबसुद्धा आबांच्या पसंतीचा. वास्तुशांतीला मुक्ताबाईनं कुठली पैठणी नेसायची, तेही आबांनीच दुकानात बोट दाखवून ठरवलं. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. बायकोवर हात उगारला नाही, दारू शिवली नाही, दागिन्याला कमी केलं नाही. फक्त तिला कधी काही विचारलं नाही. लग्न झाल्यापासून ते सून-जावई येईपर्यंत मुक्ताबाईला काय आवडतं, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. हळूहळू तिलाही पडेनासा झाला.

मग थोरला मुलगा अभिमन्यू तिला कोकणात फिरवायला घेऊन गेला. तिथं एका मत्स्यालयात काचेपाशी ती जी थांबली ती थांबलीच. आत वाळूत एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी करंगळीएवढा एक मासा पहारा देत बसलेला, आणि आतून एक कोळंबी वाळू ढकलत ढकलत बाहेर आणून टाकत होती. कोळंबीला नीट दिसत नाही म्हणे. तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि दोघं बिळात पसार. घरची मंडळी जेवायला गेली, मुक्ताबाई तिथंच. बोलावणी आली, तरी तिथंच. शेवटी अभिमन्यूनं हाताला धरून बाहेर काढली.

घरी आल्यावर दिवाणखान्यात टीव्हीसाठी सोडलेल्या भिंतीसमोर उभी राहून ती म्हणाली, "हितं टीव्ही न्हाई लावायचा. हितं मला समुद्र पायजे."

आबा खो खो हसले. अभिमन्यू हसला नाही. पुण्याला जाऊन त्यानं टाकी आणली. चार फूट लांब, खाली पांढरी वाळू, आत भोकाभोकांचा दगड, वर निळसर दिवा. आणि संगीताचा नंबर दिला. ही संगीता पुण्यात समुद्री माशांचं दुकान चालवायची. बोलायला गोड, पण धंद्यात कडक.

"काकू, मासा लगेच नाही मिळणार," तिनं पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. "आधी पाणी मुरू द्या. दगडात जिवाणू धरू द्या. तोवर नुसती टाकी चालवायची."

"म्हंजी इरजण लागल्याबिगर दही हलवायचं न्हाई."

"तसंच समजा."

आणि मुक्ताबाईनं महिन्याच्या वर रिकामी टाकी चालवली. काय काय ऐकलं नाही तिनं त्या दिवसांत! येणारा जाणारा काचेला नाक लावायचा आणि म्हणायचा, मासे कुठायत? आबांचा उजवा हात अंगद, तो तर रोज विचारायचा, "काकू, समुद्राला अजून भरती न्हाई आली का?" मुक्ताबाई कागदी पट्टी पाण्यात बुडवायची, रंग बघायची, संगीताला फोटो पाठवायची आणि गप्प बसायची. घाई करून जीव मारायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी संगीता म्हणाली, "झालं काकू. आता मासे बघा."

त्या दुपारी मुक्ताबाईनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. पलीकडं संगीता टाकीमागून टाकी दाखवत चाललेली.

"हा बघा निळा. गिऱ्हाईक आलं की पहिला हाच मागतं."

काय तो निळा रंग! पिवळी शेपटी, अंगावर काळी नक्षी. मुक्ताबाईचा जीवच जडला. पण तिनं जीव आवरला आणि विचारलं, "केवढा व्हतो ह्यो?"

"वीतभराच्या वर जाईल. आणि काकू, त्याला पळायला लागतं. तुमच्या चार फुटांत तो नुसता या काचेपासून त्या काचेपर्यंत चकरा मारत बसेल."

मुक्ताबाई फोनकडं वाकली. निळा मासा वळून पुन्हा समोर आला. "ऱ्हाऊ दे मंग," ती म्हणाली. "कोंडून घालायला कावून आणायचा? दुसरा दाव."

दुसरा पिवळाधमक, ताटलीसारखा चपटा. हा पोवळं कुरतडतो म्हणाली संगीता. "आन् मी पोवळं लावणार! त्याला कशाला घरात घेऊ?" तोही बाद. तिसरा बोटभर, निळा, तरतरीत आणि सगळ्यांत स्वस्त.

"हा मरत नाही काही केल्या," संगीता म्हणाली. "पण खरं सांगते, एकदा घर धरलं की मागून येणाऱ्याला हा जगू देत नाही. दिसतो एवढासा, पण सगळ्यांना कोपऱ्यात दाबतो."

मुक्ताबाई मनापासून हसली. "असली माणसं मी लई पाह्यलीत बाई. नको."

मग आली नारंगी पांढऱ्या पट्ट्यांची जोडी. एक मोठा, एक लहान. लहानगा सतत मोठ्याच्या मागं.

"मोठी ती मादी," संगीता म्हणाली. "यांच्यात मादीचं चालतं. नर तिच्या धाकात."

"काय म्हंतीस?"

"खरंच, काकू."

"पुन्यांदा सांग."

संगीतानं पुन्हा सांगितलं. "ही जोडी बाजूला काढ," मुक्ताबाई म्हणाली. "आन् आता मला राखण्या दाव."

राखण्या म्हणजे तो बिळावर बसणारा. संगीताकडं होता, त्याची कोळंबीही होती. आधी कोण आणायचं, नंतर कोण, याचाही खल झाला. आधी गरीब स्वभावाचा आणायचा, त्याला जागा धरू द्यायची आणि मग जोडी, कारण जोडी मागून आली तर दांडगाई कमी करते. मुक्ताबाईला हे एका फटक्यात कळलं. भरल्या घरात जन्म गेलेल्या बाईला आणखी काय शिकवायचं?

राखण्या आला, कोळंबी आली आणि दोघंही दगडाखाली गडप झाली. दिसेचनात. गावाला पुन्हा विषय मिळाला, की एवढं करून आणलं आणि मासा लपून बसला! मुक्ताबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायची. एके सकाळी वाळूत बीळ दिसलं. तोंडाशी राखण्या, आणि आतून कोळंबी चिमूटभर वाळू ढकलत बाहेर. काचेतून टक्कन आवाजसुद्धा आला, तिच्या नांगीचा. मुक्ताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. घरात कुणी नव्हतं म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

पुढं जोडी आली. दगडावर एक मऊ पोवळं लागलं. घर बसलं म्हणा ना.

आणि नेमक्या त्याच सुमारास निवडणुका तोंडावर आल्या. साहेबांचा दौरा ठरला. हे साहेब म्हणजे तिकीट वाटणारा माणूस, आबांच्या राजकारणाची किल्ली त्यांच्या खिशात. तेलगावात सभा आणि सभेनंतर चहा आबांच्या बंगल्यावर. आबांना झोप येईना. पडदे बदलले, सोफ्याला नवे अभ्रे आले, आणि एका संध्याकाळी ते टाकीसमोर येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यात साहेबांला काय दावू मी? भिंग लावून बघायची पाळी!" ते म्हणाले. "आमाला ढाण्या वाघ म्हंत्यात आन् घरात ही चिंगळं."

अंगद तयारीतच होता. मोबाईल पुढं केला. "आबा, ह्यो बघा. लायन फिश. सिंव्ह! पंख पसरले की आख्खी टाकी भरती. संभाजीनगरात एकाकडं हाय, उद्या उचलून आणतो."

फोटोत तांबड्या पट्ट्यांचा, झिपऱ्या पंखांचा एक मासा तोरा दाखवत उभा होता. आबांची मिशी थरारली.

"ह्यो पायजे."

मुक्ताबाई डाळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली. "त्यो न्हाई चालणार. त्याच्या तोंडात मावतंय ते सगळं त्यो गिळतो. संगीतानं सांगितलंय मला. माजं सगळं घर खाऊन टाकील त्यो."

"तर दुसरे आणू. माशाला काय तोटा हाय?"

"दुसरे नकोत. मला हेच पायजेत."

आबांचा आवाज चढला. "घर कुणाचं हाय, मुक्ते?"

"घर तुमचं," मुक्ताबाई म्हणाली. "पाणी माजं."

अंगद पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. आबा मात्र हसले आणि निघून गेले. इतक्या वर्षांचा अनुभव होता त्यांना, बायको दोन दिवस फुगते आणि मग पोळ्या लाटते. त्यांनी अंगदला डोळ्यानं खूण केली आणि मासा सांगून टाकला.

दौऱ्याच्या दिवशी सकाळी मुक्ताबाई अंगणात आली तर फाटकावर हा थोरला फलक! 'सागरी मत्स्यालयाचे लोकार्पण, मा. साहेबांच्या शुभहस्ते.' एका बाजूला आबा मिशीला पीळ देताना, दुसऱ्या बाजूला तो झिपऱ्या मासा. खाली शुभेच्छुकांची रांग. अंगदचं नाव होतं, गिरणीवाल्याचं होतं, केशरबाईच्या पोराचंही होतं. टाकी जिनं मुरवली तिचं नाव कुठंच नव्हतं. मुक्ताबाईनं फलक खालपासून वरपर्यंत वाचला. रागानं तिचे कान तापले.  तरी ती आत गेली आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला, कारण पाहुणे तर येणारच होते आणि पाहुण्यांचा काय गुन्हा?

सभा संपली आणि बंगल्यात पांढऱ्या कपड्यांचा पूर आला. टाकीला तांबडी फीत बांधलेली. बद्रीनाथ गुरुजी पाटावर ताट मांडून तयार. नारळ, हळद, कुंकू, फुलं आणि मधोमध तांब्याचा जुना पैसा. अंगद एका मोठ्या पिशवीत तो मासा घेऊन उभा, घामाघूम.

गुरुजी खड्या आवाजात सांगत होते, "समुद्र घरी आला म्हटल्यावर जलपूजन आधी. साहेब, हळदी-कुंकू वाहा, हा पैसा पाण्यात सोडा आणि मग मत्स्य सोडा."

कुणाला काही वावगं वाटलं नाही. कसं वाटेल? या मुलखात गाडी शहागडच्या पुलावर आली की अख्खी एसटी खिडकीतून गोदावरीला, म्हणजे इथल्या गंगेला, पैसा टाकते. पाणी दिसलं की हात जोडायचे आणि नाणं सोडायचं, आईच्या मांडीवर शिकलेली गोष्ट ती. पण स्वयंपाकघरात मुक्ताबाईच्या हातातला झारा थांबला. संगीतानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, काकू, काहीही करा, पण टाकीत तांबं जाऊ देऊ नका. कोळंबी, गोगलगाय, पोवळं, ज्याला हाड नाही ते तांब्यानं मरतं. मुक्ताबाईनं ते आबांनाही सांगितलं होतं. आबा तेव्हा फोनवर होते.

ती बाहेर आली तेव्हा फीत कापून झाली होती. टाळ्या वाजल्या. झाकण बाजूला झालं. साहेबांनी उजव्या मुठीत हळद-कुंकू आणि पैसा घेतला आणि हात टाकीवर नेला.

मुक्ताबाईनं साहेबांचं मनगट धरलं.

हो, धरलं. सगळ्या जिल्ह्याची तिकिटं ज्या हातानं वाटली जातात, तो हात रव्यानं भरलेल्या हातानं धरला आणि सोडला नाही.  फोटो काढणाऱ्याचं बोट बटणावरच राहिलं.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "ह्या पाण्यात तांबं चालत न्हाई."

साहेब मुरलेले. चेहरा हसरा ठेवून म्हणाले, "वहिनी, श्रद्धेचा विषय आहे."

"श्रद्धा मलाबी हाय. गंगा आली की मीबी पैसा सोडते. पण गंगा व्हातीय साहेब. हे पाणी कुठं व्हाईल? हितंच ऱ्हाईल आन् माजी कोळंबी मरंल."

"बरं बरं," साहेबांनी मूठ मागं घेतली. "मग मासा तरी सोडू ना?"

"मासाबी न्हाई. त्यो माजे मासे खाईल."

"मुक्ते!" आबांचा आवाज चिरका निघाला. तोंड तांबडंलाल झालेलं. "आत जा."

आत जा म्हटलं की जायचं, हे त्या घरात इतकं मुरलेलं होतं की मुक्ताबाईचा पाय आपसूक मागं वळला. तिचं तिलाच ते कळलं. मग तिनं पाय जिथल्या तिथं रोवला.

"न्हाई जात," ती म्हणाली. "ही टाकी मी मुरवली. ह्यात कोण ऱ्हाईल ते मी ठरवलंय. तुमी फलक लावला, लावा. फीत कापली, कापा. पण पाण्यात हात घालायचा तर मला इचारून. साहेब, तुमी पाहुणे हाव, बसा, शिरा केलाय, चहा घ्या."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. साहेबांनी रुमालानं हाताचं कुंकू पुसलं, घडी घातली आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"राधाकिशन, आधी घरात एकमत करा. जिल्ह्याचं मग बघू."

आणि चहा न घेताच साहेब गेले. त्यांच्यामागं गाड्या गेल्या, गाड्यांमागं माणसं गेली, गुरुजी ताट गुंडाळून गेले. राहिले आबा, मुक्ताबाई आणि पिशवी छातीशी धरलेला अंगद.

"गेलं," आबा म्हणाले. "तिकीट गेलं. आयुष्यभर झेंडे उचलले, आन् एका मिठाच्या पाण्यापायी..." पाटावर नारळ राहिला होता. तो त्यांनी उचलला. "फोडतोच ही काच. एकदाची कटकट जाऊ दे."

मुक्ताबाई टाकीच्या पुढं उभी होती.  आबांचा हात तिनं बैल आवरताना पाहिलेला, नारळ त्या हातातून सुटला तर काच उरणार नव्हती. राखण्या, कोळंबी, जोडी, सगळं फरशीवर तडफडलं असतं. पण ती बाजूला झाली नाही.

"फोडा," ती म्हणाली. "पण आधी ह्याचं काय ते सांगा."

तिनं अंगदच्या हातातल्या पिशवीकडं बोट दाखवलं. सिंह पिशवीच्या तळाशी कलंडला होता. पंख मिटलेले, कल्ले भराभरा हलत होते.

"ह्याला कुठलं पाणी देता? नळाचं? बिंदुसरा नदीचं? कारखान्याचं? आख्ख्या बीड जिल्ह्यात ह्यो जगंल असलं पाणी मला तरी दुसरीकडं ठावं न्हाई. फोडा की, कावून थांबलात?"

आबांनी पिशवीकडं बघितलं. एकदा बघितलं की मग नजर हटेना. शेतकऱ्याचं पोर ते. रात्र रात्र गाभण गाईपाशी बसलेला माणूस. नारळ त्यांनी सावकाश पाटावर ठेवला.

"मंग सोड की तुज्या टाकीत," ते पुटपुटले. "एका दिसासाठी."

"न्हाई."

"मरंल त्यो!"

"मरू न्हाई देणार. पण माज्या टाकीत न्हाई. तुमचा पाहुणा हाय, तुमच्या टबात ठिवा."

तो टब म्हणजे आबांचा अभिमान. पुण्याहून आणवलेला, पांढराशुभ्र. त्यात अंघोळ कुणी कधी केली नव्हती, नळ चार दिवसांनी यायचा म्हणून त्यात पाणी भरून ठेवायचे. मुक्ताबाईनं बूच उपसलं, टब घासून धुतला आणि पिंपातलं तयार खारं पाणी बादलीनं आणायला लावलं. बादल्या कुणी वाहिल्या? आबांनी. इस्त्रीचा सदरा भिजला, विजारीवर मिठाचे डाग पडले, पण वाहिल्या. मुक्ताबाईनं हवेचा जादा पंप लावला, पिशवी पाण्यात तरंगत ठेवली, मग आतल्या पाण्यात थोडं थोडं टबातलं पाणी मिसळत गेली. हात मात्र जपून. त्या पंखांत विषारी काटे असतात, हे संभाजीनगरच्या दुकानदारानं अंगदला सांगितलंच नव्हतं. ते ऐकून अंगद आपला सदरा चाचपू लागला, सकाळपासून त्यानं तो छातीशी धरला होता.

संगीताला फोन झाला. गाडी येईल तेव्हा मासा घेऊन जाते म्हणाली, माझ्याकडं मोठी टाकी आहे, पण आठवडा तरी लागेल.

तो आठवडा आबांनी न्हाणीघरात काढला म्हटलं तरी चालेल. तिकीट दुसऱ्याला गेलं. बंगल्यावरची वर्दळ एकदम आटली, अंगदसुद्धा नव्या उमेदवाराच्या गाडीत दिसू लागला. फोन वाजेना. आबा सकाळी उठायचे, चहा घ्यायचे आणि टबाशेजारी पालथ्या बादलीवर जाऊन बसायचे. बायकोशी बोलणं बंद होतं, पण पाणी बदलायची वेळ झाली की न सांगता बादली उचलायचे. मासा टबाच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा. आबांनी बीडहून बर्फातली कोळंबी मागवली, काडीला टोचून त्याच्या तोंडापुढं नाचवली. मासा हलला नाही. दुसऱ्या दिवशी लहान तुकडे केले. तरी नाही. तिसऱ्या दिवशी आबांचं स्वतःचंच जेवणावरून लक्ष उडालं.

मुक्ताबाई दारावरून जाता येता बघायची. तिला कीव येत नव्हती असं नाही. पण कीव आली म्हणून लगेच धावून जायची सवय तिनं मोडायला घेतली होती.

शेवटी एका दुपारी आतून हाक आली. "मुक्ता."

ती दारात जाऊन उभी राहिली. आबा बादलीवर, हातात काडी, काडीला कोळंबीचा तुकडा.

"खात न्हाई गं ह्यो."

"दिसतंय मला."

"ताजी हाय. आपल्या हातानं सोलली. मंग कावून खात न्हाई?"

"त्याला कुणी इचारलं व्हतं का, तेलगावला येतो का म्हणून?" मुक्ताबाई चौकटीला टेकली. "उचलला आन् आणून टाकला. नव्या घरात घास न्हाई उतरत. मीबी जेवले नव्हते."

आबांनी मान वर केली. "कवा?"

"लगीन करून आणलं तवा. ताटावर बसायची, भाकर कुस्करायची आन् गाईला नेऊन टाकायची. तुमच्या घरात कुणाला कळलंबी न्हाई."

 पंपाचे बुडबुडे टबात वर येत होते.

"मंग जेवलीस कशी?"

"भूक लागली म्हणून जेवले. घर पसंत पडलं म्हणून न्हाई."

आबांनी काडी टबाच्या काठावर ठेवली.  सभेत हजार माणसांपुढं न अडखळणारा माणूस, पण पुढचे चार शब्द काढायला त्यांना फार जड गेलं.

"आन् आता? पडलं का पसंत?"

मुक्ताबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. भिजलेली विजार, वाढलेली दाढी, खाली आलेली मिशी.

"आज पहिल्यांदा इचारलंत तुमी," ती म्हणाली. "इचार करून सांगते."

आणि ती आपल्या माशांना खायला घालायला दिवाणखान्यात निघून गेली.